लहान मुलाचा मधुमेह आणि घरची माणसं



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा, पाचट यांवर लिहावे, हे खरे. पण गटात फिरताना बांधावर ऊस सोडून दुसऱ्याही गोष्टी निघतात. दोंडाईचा भागातल्या एका सभासदाने मध्यंतरी विचारले, "साहेब, पोरं दिवसभर ऊस चघळतात. त्यामुळेच माझ्या सहा वर्षांच्या पोराला शुगर झाली का?" ते पोर शेजारीच खाली मान घालून ऐकत होते.

उत्तर स्वच्छ आहे : नाही. लहान मुलांना बहुधा होतो तो टाइप १ मधुमेह. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. ऊस, पेढे किंवा कोणाची नजर याला कारण नाही. आणि नुसती साखर बंद करून भागतही नाही. दोंडाईच्याच्या स्टार्च फॅक्टरीत मक्याचे स्टार्च निघते. ते आणखी फोडले की ग्लुकोज होते. पोटात भाकरीचे तेच होते. म्हणून इन्सुलिन रोज, दिवसातून अनेक वेळा टोचावेच लागते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. त्याआधी अशी मुले वाचत नसत. "सुई बंद करा, झाडपाला देऊ" म्हणणाऱ्या पाहुण्याला एवढे ऐकवावे.

आता मुलाच्या मनाचे. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणे ही सुरुवातीची लक्षणे. अंथरूण ओले केले म्हणून काही पोरांनी आधी मारही खाल्लेला असतो. त्यात पुढे "बिचारं", "कुणाचं पाप फेडतंय", "याच्यापायी कर्ज झालं" हे कानावर पडते. या वयाचे मूल आजाराला शिक्षा समजते. त्याला जवळ घेऊन सांगा, यात तुझी चूक नाही, आईची नाही, आणि तुझ्यामुळे हे कोणाला लागणार नाही.

"सुई टोचू का?" असे विचारू नये, नको म्हटले तरी टोचायचीच असते. पोटाला की मांडीला, आईने की बाबांनी, एवढी निवड त्याला द्यावी. "दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. रडू आले तर रडू द्यावे.

मीटरवर आकडा चढला की घरात पहिला प्रश्न येतो, "काय चोरून खाल्लंस?" मला हा प्रश्न सर्वांत वाईट वाटतो. ताप-सर्दीनेही आकडा चढतो. रागावले की पोर पुढच्या वेळी बोटच पुढे करत नाही. माती परीक्षणाचा अहवाल पाहून आपण जमिनीवर चिडत नाही, खताची मात्रा बदलतो.

आखाजीला, कानबाईच्या रोटाला त्याला वेगळे बसवू नका. किती खायचे व इन्सुलिन किती, हे डॉक्टरांना आधी विचारून त्याच्याही ताटात पुरणपोळी पडू द्या. खेळणेही बंद करू नका. वासिम अक्रमला १९९७ साली मधुमेह निघाला. २००३ च्या विश्वचषकातही तो गोलंदाजी करत होता.

गुरुजींना मात्र सर्व सांगून ठेवावे. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड झाली तर साखर उतरली असे समजून डॉक्टरांनी सांगितली तेवढी साखर लगेच द्यायची. (आपला माल इथे औषध ठरतो!) शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना. घरी फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टाळून चालणार नाही.

छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' आणि नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट या संस्था अशाच मुलांसाठी काम करतात. खर्चाची अडचण असेल त्यांनी तिथे जरूर चौकशी करावी. शिवाय आपल्यासारखेच दुसरे पोर स्वतःच्या हाताने सुई टोचून घेताना एकदा पाहिले, की जो धीर येतो तो आईबापांच्या समजावण्याने येत नाही.