सहा, आठ, नऊ आणि एक

गेल्या आठवड्यात शब्द दिला होता बीटल्सचा. फेब्रुवारी १९६४, न्यूयॉर्कचा विमानतळ, किंचाळणाऱ्या पोरींची गर्दी, एड सलिव्हनचा कार्यक्रम. त्या चौघांना आठवडाभर थांबावं लागणार, कारण मध्ये सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलं. बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या १९६३ सालच्या अव्वल गाण्यांत त्यांना ‘सुकियाकी’ हे नाव दिसलं आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले. हे गाणं आहे की खायचा पदार्थ? आणि पर्ल हार्बरला पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा जपानी भाषेतलं गाणं अमेरिकेत पहिलं आलंच कसं? या गाण्याला लेखमालेत एक परिच्छेद देऊन पुढे जायचं ठरलं होतं. पत्र वाचल्यावर एका परिच्छेदात ते उरकणं अन्यायाचं वाटू लागलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पदार्थ. गोमांसाचे पातळ काप, टोफू आणि पात उथळ लोखंडी कढईत सोया सॉस आणि साखर घालून टेबलावरच शिजवायचं आणि फेटलेल्या कच्च्या अंड्यात बुडवून खायचं, ही सुकियाकी. गाण्यात यातलं काहीच नाही. गाण्याचं खरं नाव ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालू या’. त्यात आहे रात्रीच्या रस्त्यानं निघालेला एकटा माणूस आणि त्याचं मोठ्या कष्टानं आवरून धरलेलं रडू.

मग कढई आली कुठून? लंडनहून. पाय रेकॉर्ड्स या ब्रिटिश कंपनीचे लुई बेंजामिन जपानला गेले असताना त्यांनी ही चाल ऐकली आणि ती घेऊनच ते परतले. केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून त्यांनी ती शब्दांवाचून वाजवून घेतली. मूळ नाव इंग्रजी जिभेला पेलणार नाही, म्हणून इंग्रजांच्या ओळखीचा एक जपानी शब्द उचलला आणि तबकडीवर छापला. १९६३ च्या सुरुवातीला ही तबकडी ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. ‘मून रिव्हर’ जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ म्हणून विकावं तसा हा प्रकार, असं तेव्हा ‘न्यूजवीक’मध्ये लिहून आलं होतं. आपल्याकडचं उदाहरण हवं तर ‘शुक्रतारा’ची तबकडी परदेशात ‘पिठलं-भाकरी’ नावानं दुकानात मांडलेली डोळ्यांसमोर आणावी.

मूळ गाणं, क्यू साकामोतोच्या आवाजातलं, अमेरिकेत पोचलं ते वेगळ्या वाटेनं. वॉशिंग्टन राज्यात पास्को नावाचं गाव आहे. तिथल्या केओआरडी या रेडिओ स्टेशनवरच्या निवेदकाला ती जपानी तबकडी मिळाली आणि त्यानं ती वाजवली. फोन येऊ लागले. त्यानं पुन्हा वाजवली. कॅपिटल रेकॉर्ड्सनं तबकडी अमेरिकेत काढली आणि गाणं वर चढत गेलं.

बहुतेक पुस्तकं पास्कोचं नाव घेऊन पुढे जातात. नकाशा उघडला की मात्र थबकायला होतं. पास्कोच्या अगदी जवळ हॅनफर्ड आहे. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डच्या अणुभट्टीत तयार झालं होतं आणि १९६३ मध्येही तिथं प्लुटोनियमचं उत्पादन चालूच होतं. एका जपानी पोराचं उदास गाणं अमेरिकेला सगळ्यात आधी आवडलं ते या टापूत.

बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत ‘सुकियाकी’ पहिल्या क्रमांकावर गेलं १५ जून १९६३ च्या अंकात आणि तीन आठवडे तिथंच राहिलं. त्याआधी लेस्ली गोर या मुलीचं वाढदिवसाच्या पार्टीतल्या रडारडीचं गाणं वर होतं. बाहेर देशात काय चाललं होतं? ११ जूनला अलाबामा विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले. त्याच संध्याकाळी केनेडींनी टीव्हीवरून नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. मध्यरात्र उलटल्यावर मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीतले मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. त्या आठवड्यात अमेरिकन घरांतून जे सूर ऐकू येत होते ते झायलोफोनचे, मंद, आणि शेवटाकडे शीळ.

आता तीन वर्षं मागे, टोकियोत.

१९ जानेवारी १९६० ला पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी अमेरिकेबरोबरच्या सुधारित सुरक्षा करारावर वॉशिंग्टनमध्ये सही केली. करारानुसार अमेरिकेचे लष्करी तळ जपानमध्ये राहणार होते. युद्धाच्या राखेतून नुकत्याच उठलेल्या लोकांना दुसऱ्याच्या भांडणात पुन्हा ओढलं जायचं नव्हतं. त्यात किशी हे तोजो यांच्या युद्धकालीन मंत्रिमंडळातले मंत्री, युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून तुरुंगात राहून खटल्याविना सुटलेले. १९ मे च्या रात्री संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सभापतींची वाट अडवून बसलेल्या समाजवादी खासदारांना पोलिसांनी उचलून बाहेर नेलं आणि मध्यरात्रीनंतर किशींच्या पक्षानं करार एकट्यानं मंजूर करून घेतला. तोवर प्रश्न कराराचा होता, आता तो लोकशाहीचा झाला. विद्यार्थी, कामगार, दुकानदार, गृहिणी, असे लाखो लोक रस्त्यावर आले.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर जपानच्या दौऱ्यावर येणार होते. १० जूनला त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स हॅगर्टी त्या दौऱ्याची तयारी पाहायला हानेदा विमानतळावर उतरले. निदर्शकांनी त्यांची गाडी घेरली. अखेर अमेरिकन मरीन दलाच्या हेलिकॉप्टरनं त्यांना तिथून उचललं. पाच दिवसांनी विद्यार्थी संसदेच्या आवारात घुसले, पोलिसांशी झटापट झाली आणि टोकियो विद्यापीठातली मिचिको कानबा ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी त्यात मेली. तारीख होती १५ जून १९६०.

आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला. किशींनी राजीनामा जाहीर केला. करार मात्र राहिला. घटनेतल्या तरतुदीप्रमाणे तीस दिवस उलटताच, १९ जूनला, तो वरिष्ठ सभागृहाच्या मताविनाच आपोआप मंजूर झाला. बाहेर संसदेभोवती माणसांचा वेढा तसाच होता. नवे पंतप्रधान हायातो इकेदा यांनी दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याची योजना पुढे केली आणि देश कामाला लागला.

मोर्च्यांत चालणाऱ्यांमध्ये रोकुसुके एइ नावाचा एक तरुण लेखक होता, रेडिओ-टीव्हीसाठी लिहिणारा. अशाच एका निदर्शनावरून हरल्या मनानं घरी परतताना या गाण्याचे शब्द सुचले, असं एइ यांनीच पुढे सांगितलं. गाण्यात करार नाही, मोर्चा नाही, किशींचं नाव नाही. दुःख कशाचं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. त्यामुळे प्रेमात हरलेल्यांना ते आपलं वाटलं, आणि नोकरीसाठी गाव सोडून टोकियोत आलेल्या पोरांनाही. पण १९६१ मध्ये ते ऐकणाऱ्या कितीतरी जपान्यांना तो रस्ता आणि ती रात्र ओळखीची होती.

चाल बांधली हाचिदाइ नाकामुरा यांनी. ते जॅझ पियानोवादक. अमेरिकन ताबा जपानवर १९५२ पर्यंत होता. त्या काळात सैनिकांच्या क्लबांमध्ये वाजवून जपानी वादकांची एक अख्खी पिढी जॅझ शिकली, आणि नाकामुरा त्याच मुशीतले. तरी मुखडा त्यांनी बांधला तो पाच सुरांत. चौथा आणि सातवा सूर गाळलेल्या या सप्तकाला जपानीत ‘योनानुकी’ म्हणतात. मध्यम आणि निषाद वर्ज्य म्हटल्यावर मराठी वाचकाच्या तोंडून आपसूक ‘भूप’ निघेल. मुखडा एकदा गुणगुणून पाहिला की हे गाणं पहिल्याच ऐकण्यात परकं का वाटत नाही, ते गळ्यालाच कळतं.

आणि गायक? क्यू साकामोतोचा जन्म १० डिसेंबर १९४१ चा, कावासाकीतला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा जपानी पंचांगात ८ डिसेंबर होता, म्हणजे पोरगा अमेरिकेशी पेटलेल्या युद्धाहून दोन दिवसांनी लहान. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. वाढला तो एल्व्हिसची नक्कल करत, रॉकबिली गात. तीच ढब त्यानं इथं आणली. शब्दातला स्वर तो मधेच उचकीसारखा तोडतो, एका अक्षराची दोन करतो. आपल्या शब्दांची ही मोडतोड एइ यांना पहिल्यांदा मुळीच रुचली नव्हती. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण आवाजातला तो अडखळाच भाषा न कळणाऱ्यापर्यंत रडू पोचवतो. साकामोतोनं शब्द स्वच्छ, सरळ गायले असते तर पास्कोत फोन वाजले नसते.

जपान्यांनी या तिघांना लाडकं नाव दिलं: ‘सहा-आठ-नऊ’. रोकुसुकेमधला ‘रोकु’ म्हणजे सहा, हाचिदाइमधला ‘हाचि’ म्हणजे आठ, आणि ‘क्यू’ म्हणजे नऊ.

आता त्या दोन तारखा शेजारी ठेवू. १५ जून १९६०, मिचिको कानबाचा मृत्यू. १५ जून १९६३, अमेरिकेत पहिला क्रमांक. हा निव्वळ योगायोग आहे, बिलबोर्डच्या अंकावर शनिवारची तारीख पडायची आणि त्या वर्षी शनिवार १५ ला आला, इतकंच. तरी तो नजरेआड करवत नाही. अमेरिकेशी झालेल्या करारापुढे हरलेल्या माणसाचं गाणं अमेरिकेनं डोक्यावर घेतलं, ते पदार्थाचं नाव लावून, आणि ते कशातून आलं याची गंधवार्ताही नसताना. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्यांनी दुःख बरोबर ओळखलं होतं. कुणाचं आणि कुणामुळे, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

जपानी समजणारे लोकही अमेरिकेत होतेच. पश्चिम किनारपट्टीवरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना १९४२ मध्ये घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांमागच्या छावण्यांत डांबलं होतं. त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. युद्धाच्या दिवसांत जी भाषा तोंडात असणंच संशयाला पुरेसं होतं, ती एकवीस वर्षांनी देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्याची भाषा म्हणून त्यांच्या रेडिओवर आली.

ऑगस्ट १९६३ मध्ये साकामोतो स्वतः अमेरिकेत गेला, स्टीव्ह अ‍ॅलनच्या टीव्ही कार्यक्रमात गायला. पुढचं गाणं, ‘चायना नाइट्स’, ५८ व्या क्रमांकावर थांबलं. १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या जोडीनं जुन्या चालीवर इंग्रजी शब्द बसवले. ते झालं तुटलेल्या प्रेमाचं गाणं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. नाव अजूनही ‘सुकियाकी’च.

चार वर्षांनी, १२ ऑगस्ट १९८५ ला, हानेदाहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२४ जणांतले ५२० गेले. साकामोतो त्यांत होता. वय ४३.

आशियाई भाषेतलं गाणं ‘हॉट १००’च्या शिखरावर पुन्हा दिसायला २०२० चा डिसेंबर उजाडावा लागला. तेव्हा बीटीएसचं बरंचसं कोरियन ‘लाइफ गोज ऑन’ वर गेलं. त्याआधी २०१२ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ सात आठवडे दुसऱ्या क्रमांकाशी अडून बसलं होतं.

६ जुलै १९६३ ला ‘सुकियाकी’ला कुणी खाली ओढलं, हेही सांगायला हवं. ‘द एसेक्स’ या गटाचं ‘ईझिअर सेड दॅन डन’. हे सगळे अमेरिकन मरीन दलातले, नोकरी सांभाळून गाणारे. गट सुरू करणारे दोघे एकत्र आले ते ओकिनावातल्या नेमणुकीवर असताना. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि १९७२ पर्यंत राहिलं. एइ ज्या तळांविरुद्ध टोकियोच्या रस्त्यांवर चालले, तशाच एका तळावर भेटलेल्या पोरांनी त्यांचं गाणं उतरवलं. तेही गोड गाणं आहे, जरूर ऐकावं.

त्याच वर्षी डिसेंबरचे चारही आठवडे बेल्जियमच्या एका जोगिणीचं फ्रेंच गाणं यादीच्या माथ्यावर होतं. ते तिथं पोचलं तेव्हा केनेडींची हत्या होऊन दोन आठवडेच झाले होते. बीटल्सकडे जाताना वाटेत तिचा मठ लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यात आधी तिथं.