सात सेकंदांची अट : तपासता येईल अशी अपेक्षा

कोणतीही संगणकीय प्रणाली उभारण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांच्या अपेक्षा गोळा करून लेखी मांडाव्या लागतात. माणूस आणि यंत्र यांचा जेथे प्रत्यक्ष संबंध येतो, त्या पडद्याच्या, बटणांच्या आणि दिव्यांच्या बाबतीत हे काम विशेष अवघड ठरते. ‘यंत्र वापरण्यास सोपे असावे’ हे वाक्य रास्त वाटते. परंतु ती अपेक्षा पूर्ण झाली की नाही, हे ठरवायचे कसे? अभियंत्याला सोपे वाटणारे यंत्र प्रथमच हाताळणाऱ्या वृद्धेला सोपे वाटेलच असे नाही. ज्या विधानाची चाचणी घेता येत नाही, ती केवळ इच्छा असते.

बंगळुरूचे उदाहरण

हा फरक समजून घेण्यासाठी मतदान यंत्रासारखे दुसरे उदाहरण नाही. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सार्वजनिक उपक्रमांत ही यंत्रे तयार होतात. वापरणारा येथे देशातील कोणीही प्रौढ नागरिक असतो. त्याला अक्षरओळख असेलच असे नाही, दृष्टी असेलच असेही नाही. म्हणून यंत्रावर उमेदवाराच्या नावासोबत चिन्ह असते आणि अंध मतदारांसाठी ब्रेल अंकही असतात.

केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ साली ५० मतदान केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. पुढे एक नवी अपेक्षा पुढे आली : आपले मत योग्य उमेदवारालाच गेले, याची मतदाराला खात्री पटावी. ‘खात्री’ मोजता येत नाही. व्हीव्हीपॅट यंत्राने तिला मोजता येणारे रूप दिले. बटण दाबल्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी छापली जाते. ती खिडकीतून सात सेकंद दिसते. त्यानंतर आपोआप कापली जाऊन मोहोरबंद पेटीत पडते. या वर्णनातील प्रत्येक अंगाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येते. घड्याळ हाती असलेला कोणीही ते पडताळू शकतो.

अपेक्षा गोळा कोठे कराव्यात?

अपेक्षा केवळ बैठकीच्या खोलीत सापडत नाहीत. कागद आणि छपाई यांवर उष्णतेचा व दमट हवेचा परिणाम होतो. म्हणून जुलै २०११ मध्ये व्हीव्हीपॅटच्या चाचण्या लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम आणि दिल्ली येथे घेण्यात आल्या. थंडी, वाळवंट आणि अखंड पाऊस यांतील अनुभवानंतर यंत्रात सुधारणा झाल्या आणि २०१२ साली पुन्हा चाचण्या झाल्या. तज्ज्ञ समितीने फेब्रुवारी २०१३ मध्ये आराखड्यास मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोक्सेन येथील पोटनिवडणुकीत हे यंत्र प्रथम वापरले गेले.

अपेक्षा बदलतातही. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. एका बॅलट युनिटवर १६ बटणे असतात. त्यांपैकी एक या पर्यायासाठी लागू लागले. परिणामी सोळावा उमेदवार असल्यास दुसरे युनिट जोडावे लागते. एका वाक्याची भर पडली की इतर वाक्ये पुन्हा तपासावी लागतात, ती याचसाठी.

अपयशाचेही विधान हवे

सर्व सुरळीत असताना काय व्हावे, एवढेच लिहून भागत नाही. चिठ्ठीवर भलतेच नाव छापले गेले, असे मतदाराने म्हटल्यास काय करावे, हे नियमात नमूद आहे. खोट्या तक्रारीच्या परिणामांची जाणीव देऊन केंद्राध्यक्ष लेखी निवेदन घेतात आणि मतदान प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतले जाते. तक्रार खरी ठरल्यास त्या यंत्रावरील मतदान तत्काळ थांबते. मतदानापूर्वी किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन यंत्रातील निकाल चिठ्ठ्यांशी ताडला जातो.

अशी चाचणी जे तपासते, तेवढ्याचीच ग्वाही देते. किती चिठ्ठ्या मोजाव्यात, हा प्रश्न म्हणूनच न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश एप्रिल २०१९ मध्ये झाला. सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

शिधापत्रिका, सातबारा किंवा निवृत्तिवेतन यांसाठी प्रणाली मागवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने यातून बोध घ्यावा. अपेक्षा लिहिताना तीन प्रश्न विचारावेत : वापरणारा कोण, त्याला नेमके काय व किती वेळात दिसेल, आणि तसे न घडल्यास पुढे काय? ही उत्तरे कागदावर असतील, तर दोषाची जबाबदारी निश्चित करता येते. ती नसतील, तर खिडकीपुढे ताटकळणाऱ्या नागरिकाकडे तक्रारीसाठी आधारच उरत नाही.