सेल्फ क्लीन ओव्हन: बटण दाबण्यापूर्वी

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना तिथल्या ओव्हनवर ‘सेल्फ क्लीन’ असे बटण दिसते. ओव्हन आपोआप स्वच्छ होणार असेल तर घासत कशाला बसायचे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र ओव्हन जितका जास्त मळलेला, तितके थेट हे बटण दाबणे त्रासाचे ठरते.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने असा ओव्हन १९६३ मध्ये बाजारात आणला. एरवी केक भाजताना ओव्हनचे तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. सेल्फ क्लीनमध्ये ते सुमारे ४८० अंशांपर्यंत जाते आणि दार आपोआप बंद होऊन अडकते. एवढ्या उष्णतेत सांडलेले तूप, चीज, साखर जळून शेवटी थोडी राख उरते.

पण जळते म्हणजे धूर होतोच. चिकट थर जाड असेल तर धूर एकदम आणि भरपूर निघतो. कधी आत पेटही घेतो. कढईतले तेल फार तापले की डोळे चुरचुरतात, ते मुख्यतः अ‍ॅक्रोलीन या घटकामुळे. तोच इथेही तयार होतो. सोबत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. दमा असणारे, लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना याचा त्रास लवकर होतो. घरात पोपट वा लव्हबर्ड्स असतील तर अधिक जपावे. नॉनस्टिकचा थर अतितापल्यावर निघणारी वाफ पक्ष्यांचा जीव घेऊ शकते.

म्हणून आधी हाताने सफाई करावी. ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर जाळ्या आणि भांडी बाहेर काढा. सुटे कण लाकडी उलथन्याने खरवडा. खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लगदा करा, डागांवर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. सोडा सौम्य अल्कली असल्याने चिकटपणा सैल होतो. दाराच्या कडेची पट्टी मात्र घासू नका.

ओव्हन क्लीनरचे फवारे इथे टाळावेत. अनेकांत कॉस्टिक सोडा असतो. तो त्वचा व डोळे भाजतो, आतल्या एनॅमलला इजा करतो आणि उरलेला अंश तापला की घातक वाफा निघतात.

मग बटण दाबा. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट पंखा चालू आणि घरात कोणीतरी जागे हवे. पक्षी त्या दिवशी शेजारी ठेवावेत. आत ज्वाळा दिसल्या तर ओव्हन बंद करा, दार उघडू नका.

आपल्याकडच्या छोट्या ओटीजीत सहसा ही सोय नसते. तो जास्तीत जास्त तापवून मळ जाळण्याचा प्रयोग करू नये. सांडलेले त्याच दिवशी, ओव्हन थंड झाल्यावर पुसून घेणे, हाच सर्वांत सोपा उपाय.