दोन आकडी साल

1997 चा गाळप हंगाम संपला आणि मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडली. वय एकतीस, शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री. कॉम्प्युटर पाहिला होता तो टाइम ऑफिसात, बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला. आण्णा म्हणाले, "कायमची ऑर्डर हातात आल्यावर सोडतोस व्हय? आणि आता पोरांच्यात बसून टायपिंग शिकणार?"

टायपिंग नव्हे, कोबोल. पण त्यांना ते समजावून सांगण्याइतके मलाही कळत नव्हते.

पुण्याच्या त्या क्लासमध्ये एका मशीनवर दोघे बसायचे. कोबोलचा हिशेब अजून पंच कार्डाचाच होता: ओळीत 80 रकाने, पहिले सहा क्रमांकासाठी, कोड आठव्यापासून पुढे, आणि 72 च्या पलीकडे काही लिहिले तर कंपायलर त्याकडे बघतही नाही. शेजारची पोरे यावर हसायची. मला त्यात नवल वाटले नाही. लॅबच्या रजिस्टरातही रकाना सोडून लिहिलेला आकडा कुणी धरत नसे.

सहा महिन्यांत मुंबईत सीप्झमध्ये नोकरी लागली. माझ्या हुशारीमुळे नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होते. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहिलेले असायचे. 2000 उजाडले की 00 म्हणजे 1900 ठरणार, म्हणून अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांना लाखो ओळी तपासून हव्या होत्या, आणि तेवढी माणसे मिळत नव्हती. मेकॅनिकलवाले, गणिताचे एम.एस्सी., एक माजी मास्तर, असे आम्ही सगळे त्या दारातून आत शिरलो. या धंद्यात बाहेरून येणे नवेही नव्हते. 1969 मध्ये टीसीएसची धुरा घेतलेले फकीरचंद कोहली आधी टाटा इलेक्ट्रिकमध्ये वीज अभियंता होते.

पहिली फजिती मात्र पूर्णविरामाने केली. एका विमा प्रोग्रॅममध्ये नियम घालायचा होता: साल 50 पेक्षा कमी असेल तर खूण कर आणि शतक 20 धर. मी खूण करण्याच्या ओळीनंतर टिंब दिले. कोबोलमध्ये टिंब पडले की अट तिथेच संपते. पुढची ओळ मग सगळ्यांनाच लागू झाली, आणि 1985 ला काढलेली पॉलिसी 2085 ला सुरू होणार असे छापून आले. कंपायलरची कसलीही तक्रार नव्हती.

चूक मीच पकडली, आणि ती कारखान्याच्या सवयीने. रसाची शुद्धता काढताना पोल (रसातली साखर) भागिले ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) गुणिले शंभर. उत्तर ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास हवे. 108 आले तर गणित नव्हे, मोजणीची नळी तपासायची. म्हणून रिपोर्टमधल्या चार पॉलिसी मी आधी कागदावर हाताने सोडवत असे. क्लासमध्ये हे कुणी शिकवले नव्हते. माझ्यापेक्षा कितीतरी भराभर कोड लिहिणारी मुले होती, पण छापून आलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची.

31 डिसेंबर 1999 ची रात्र ऑफिसात काढली. वडापाव आले, कोल्ड्रिंक आले, काही बिघडले नाही. त्यामुळे पुढे लोक म्हणू लागले की तो सगळा बागुलबुवाच होता. ऐकताना अजूनही राग येतो.

नंतरचे दिवस वाईट गेले. 2000 सालाचे, म्हणजे वायटूकेचे, काम संपले, 2001 मध्ये अमेरिकेतली मंदी आली, आमच्यातले बरेच जण बेंचवर, म्हणजे कामाविना, बसले आणि काही परत गेले. मास्तर पुन्हा शाळेत रुजू झाले. मी पस्तिशीत जावा शिकलो, रडतखडत. कोबोलइतके ते कधी अंगवळणी पडले नाही.

आज घरातले कुणी विचारते, तुम्हाला जमले तर आम्हाला का नाही? जमेलही. पण मला त्या वर्षी अनुभव नसलेला माणूस हवा असलेला बाजार मिळाला, हे सांगितल्याशिवाय मी सल्ला देत नाही.

आणि तो 50 चा नियम कायमचा इलाज नव्हताच. 2050 उजाडले की 50 म्हणजे पुन्हा 1950. तो प्रोग्रॅम तोवर चालू राहिला, तर बदललेल्या ओळींच्या पहिल्या सहा रकान्यांत माझी आद्याक्षरे सापडतील.