पबमधली बायकांची खोली

दारूबंदीच्या मोर्चात घोषणा देणारी मी डब्लिनच्या पबमध्ये जाऊन बसले, हे ऐकून आमच्या महिला मंडळात हशाच पिकला! पण मैत्रिणींनो, तिथला जुना पब म्हणजे निव्वळ गुत्ता नव्हे. गावाचा पारच म्हणा ना. म्हातारेकोतारे गप्पा मारतात, कोपऱ्यात फिडल आणि बासरीची मैफल रंगते. २००४ पासून आत सिगारेटला बंदी, त्यामुळे धूरही नाही. मी आपला चहा मागवला.

लक्ष गेलं ते एका चिमुकल्या लाकडी खोलीकडे. तिला ‘स्नग’ म्हणतात. आत बाकडं आणि काउंटरकडे उघडणारी छोटी खिडकी. पूर्वी बाईने चारचौघांत पिणं लाजिरवाणं मानत, म्हणून ती इथे आडोशाला बसे. ग्लास खिडकीतून आत येई. कित्येक पबमध्ये तर बाईला पूर्ण पाइंट देतच नसत, अर्धाच घ्या म्हणत! १९७०च्या दशकात पत्रकार नेल मॅककॅफर्टी मैत्रिणींना घेऊन पबमध्ये गेल्या. सगळ्यांनी ब्रँडी घेतली, मग एक पाइंट मागितला. तो नाकारताच पैसे न देता सगळ्याजणी बाहेर! पुढे २०००च्या समान दर्जा कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरला.

आज स्नगमधली जागा पकडायला पुरुषही धडपडतात. दारूविषयीचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण बाईने कुठे बसावं हे दुसऱ्यांनी ठरवावं, हेही मला तितकंच खुपतं. आपल्या गावच्या पारावर तरी बाई घटकाभर निवांत टेकू शकते का, सांगा बरं?