एका कमाईचे घर आणि मुलाचे आरोग्य

बाप नसलेल्या घरातले मूल वारंवार आजारी पडले की लोक नशिबाला बोल लावतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला त्यात हजेरीचा हिशेब दिसतो. कासुर्डीच्या बाजूला उसाच्या रानात खपणाऱ्या एकट्या आईने मुलाला दवाखान्यात न्यायचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ताप अंगावर काढला जातो, लसीची तारीख टळते. उणीव मायेची नव्हे. वेळेची आणि पैशाची आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. रानातल्या मजूर बाईला ते लाभले नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २०२३ साली मुलामागे दरमहा २,२५० रुपये ठरले. पण अर्ज, दाखले यांतही हजेरी बुडते. तेवढे हेलपाटे तुम्हांआम्हांला तिच्यासाठी घालता येतील.