कोकणातला टाकळा, आपला तरोटा: रानभाजी विकण्याआधी हे वाचा



पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, रानभाजीचा स्टॉल टाकू का? माल तर फुकट उगवतो!" टाका ना. पण माल फुकट असला तरी भाजीची ओळख फुकट मिळत नाही, आणि ग्राहक पैसे देतो ते त्या ओळखीचेच.

कोकणाचं उदाहरण घ्या. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत मोरस नावाची भाजी उगवते. तिच्या पानांतच खारटपणा असतो. म्हणून ती उकळून पाणी फेकायचं आणि चव बघूनच मीठ घालायचं. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं किंवा चिंच घालतात. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आलंय.

नागपूरला समुद्र नाही. पण कोकणात जो टाकळा आवडीने खातात, तोच आपला तरोटा! मग सुरुवात कशी करायची?

१. आधी ओळख, मग चव. ओळख पटवायला म्हणून कधीच चाखू नका. तरोट्याची पानं टोकाला गोलसर असतात, एका देठावर साधारण ३ जोड्या. कासविंदा दिसायला जवळचा, पण त्याची पानं टोकदार आणि जोड्या जास्त. कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत. जुडीबद्दल शंका आली की ती फेका. नाल्याकाठची किंवा फवारलेल्या शेतातली भाजी घेऊच नका.

२. घरी शिजवा. कोवळा तरोटा, कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ. थोडा कडवटपणा राहणारच, तीच त्याची चव. वास्ते मात्र कच्चे खाऊ नका, ते विषारी असतात. बारीक चिरून उकळा आणि पाणी फेका. एकच भाजी ३ वेळा करा. तिन्ही वेळा चव सारखी आली, तरच विकायला काढा.

३. खरा भाव काढा. समजा १ किलो तरोटा ६० रुपयांना घेतला आणि निवडून ६०० ग्रॅम उरला. म्हणजे तुमचा भाव १०० रुपये किलो पडला. तेल, गॅस आणि तुमची मजुरी वेगळी.

४. भाजी आणणाऱ्या मावशींशी घासाघीस करू नका. तुमच्या धंद्याची क्वालिटी कंट्रोल त्याच आहेत. चार पैसे जास्त द्या, आणि भाजी कुठून तोडली ते रोज विचारा.

५. एफएसएसएआय नोंदणी आधी करा. तरोटा फुलावर आला की पानं जून होतात, तेव्हा मेन्यूतून काढा. "फक्त पावसाळ्यात" हीच तुमची जाहिरात!

कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात. तिथे नक्की जा, विकणाऱ्या ताईंशी बोला. या आठवड्याचा गृहपाठ: एकच भाजी निवडा, जाणत्या माणसाकडून ओळखून घ्या, शिजवा आणि खर्च वहीत लिहा. स्टॉलचं नाव नंतर ठरवू!